खाचेत न बसणारी लाल पट्टी

मी एक जुनी लाल पट्टी आहे. जुनी म्हटले म्हणून लगेच चेहरा पाडू नका, मित्रांनो. माझी कीव करणारे मला पुष्कळ भेटले आणि त्यांतल्या एकाचेही मी ऐकले नाही. माझा रंग आता लाल कमी आणि विटकरी जास्त झाला आहे. एक कोपरा उडाला आहे. दुसऱ्या टोकाला दात उमटले आहेत, ते कोणाचे हे पुढे सांगेन. तरीही मी विमानतळाच्या मनोऱ्यात, सगळ्यांत वरच्या काचेच्या खोलीत, रोज कामावर असते. मला इथून हलवण्यासाठी एकदा काचेचे कपाट बनवले होते, आत छोटा दिवासुद्धा बसवला होता. ते कपाट अजून तळमजल्यावर उभे आहे. मी त्यात नाही. का नाही, तेच सांगायला बसले आहे.

आधी आमचे काम समजून घ्या. आकाशातून उतरणाऱ्या आणि जमिनीवरून उडणाऱ्या विमानांना वाट देणारी माणसे या खोलीत बसतात. त्यांना नियंत्रक म्हणतात. पूर्वी प्रत्येक नियंत्रकापुढे एक उतरती फळी असे आणि फळीला आडव्या खाचा असत. प्रत्येक विमानाची एक प्लॅस्टिकची पट्टी. तिच्यात कागद सरकवलेला, कागदावर विमानाचे नाव, उंची आणि वेळ. उतरणाऱ्यांच्या पट्ट्या पिवळ्या, उडणाऱ्यांच्या निळ्या. विमान जसे जवळ येईल तशी नियंत्रक त्याची पट्टी बोटाने खाली सरकवत जाई. सगळ्यांत खालची खाच म्हणजे धावपट्टी. तिथे एका वेळी एकच पट्टी बसे.

पिवळ्या पट्ट्यांना भारी तोरा होता. त्यांच्या विमानांची वाट बघत माणसे खाली दाराशी उभी असतात ना, म्हणून. निळ्यांना सदा घाई. मी दोघींच्यात कधी मिसळले नाही, कारण माझे कुठलेच विमान नव्हते. मी आले की सगळ्यांना थांबावे लागे. अशा बाईचे कुणाशी पटणार?

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तिथे कंगवे, साबणाच्या डब्या आणि बटणे निघत. एके दिवशी तिथे मनोऱ्यातल्या एक बाई स्वतः आल्या. त्यांचा आवाज असा की यंत्रे चालू असतानाही त्यांना दुसऱ्यांदा बोलावे लागले नाही. मनोऱ्यात सगळे त्यांना तोफ म्हणत. समोर नाही, अर्थात. बाईंनी कागदावर माझे माप काढून दिले. कारागिराने ते त्यांच्या जुन्या पट्टीशी ताडून पाहिले आणि मान हलवली.

"बाई, माप चुकलंय तुमचं. ही खाचेत बसणारच नाही."

"बसू नये म्हणूनच लांब सांगितली."

"मग राहील कुठं ती?"

"आडवी. खाचेवर. तिच्याखालून दुसरी पट्टी सरकता कामा नये."

कारागीर हसला, पण माप त्याने बरोबर धरले. रंग मात्र त्याच्या हातून जरा जास्तच पडला. बाईंनी मला उजेडात धरून पाहिले आणि म्हणाल्या, "छान. नजर चुकवून जाता येणार नाही." मित्रांनो, जगात बहुतेक वस्तू कुठेतरी नीट बसाव्यात म्हणून घडवल्या जातात. मी बसू नये म्हणून घडले. मला याचा तेव्हाही अभिमान वाटला आणि आजही वाटतो.

बाईंना माझी गरज का पडली, तेही ऐका. त्याआधी काही दिवस गवत कापणारा माणूस आपली गाडी घेऊन धावपट्टीवर गेला होता. ज्या नियंत्रकाने त्याला आत सोडले तो चहाला उठला आणि जागेवर बसणाऱ्याला सांगायचे विसरला. नवीन बसलेल्याने फळी पाहिली. खालची खाच रिकामी. त्याने विमानाला उतरायला सांगितले. वैमानिकाला शेवटच्या क्षणी ती गाडी दिसली आणि त्याने विमान वर ओढले, म्हणून गवत कापणारा आपल्या पायांनी घरी गेला. नंतर सगळ्यांनी एकमेकांना बजावले की आता आपण लक्षात ठेवायचे. बाई एकट्याच उसळल्या. "लक्षात ठेवायचं? ज्याला चहा सुचतो त्याच्या लक्षात काय राहणार! मला डोळ्यांसमोर आडवं काहीतरी हवं."

अशी मी मनोऱ्यात आले, आणि माझ्याबरोबर बाईंची शिस्त आली. माणूस धावपट्टीवर गेला की लाल पट्टी खाचेवर ठेवायची. ज्याने ठेवली त्यानेच उचलायची. जागा बदलताना उठणाऱ्याने आणि बसणाऱ्याने दोघांनी तिच्यावर बोट ठेवायचे आणि आत कोण आहे ते मोठ्याने बोलायचे. आणि आत गेलेला माणूस स्वतःच्या तोंडाने रेडिओवर 'मी बाहेर' म्हणेपर्यंत तिला हलवायचे नाही. त्याच्या वतीने साहेबाने सांगितले तरी नाही.

यावरून लोकांनी बाईंची खूप टर उडवली. "आवाज ओळखायचा म्हणजे काय, गाण्याची परीक्षा आहे का?" असे एकाने विचारले. बाईंनी त्याला धावपट्टीवर नेले, मधोमध उभे केले आणि "तुमच्या वतीने मी बाहेर आले असं सांगू का वर?" असे विचारले.

बाईंच्या हाताखाली एक मुलगी शिकायला आली. सगळ्यांत लहान, म्हणून तिला धाकटी म्हणू लागले. आता तिच्या केसांत पांढरे दिसायला लागले आहेत, तिच्या हाताखाली माणसे तयार झाली आहेत, तरी ती धाकटीच. माझ्या टोकाला जे दात उमटले आहेत ते तिचे. पहिल्यांदा एकटीने जागा सांभाळली तेव्हा वर विमानांची रांग लागली होती आणि खाली दिवे दुरुस्त करणारी माणसे होती. मी तिच्या हातात होते. काय करते आहे हे तिचे तिलाच कळले नाही. बाई मागून ओरडल्या, "अगं, ठेव तिला! खायला नाही दिली!" तिने मला खाचेवर ठेवले आणि रांग नीट उतरवली. दातांचे व्रण राहिले ते राहिले. मला ते शोभून दिसतात.

धाकटीचा सख्खा थोरला भाऊ याच विमानतळावर काम करतो. धावपट्टीची तपासणी हे त्याचे काम. टायरचा तुकडा, सुटलेला खिळा, मेलेला पक्षी, जे पडले असेल ते उचलायचे, कारण विमानाच्या इंजिनात एवढासा खिळा गेला तरी अनर्थ होतो. घरी ती त्याला दादा म्हणते. रेडिओवर मात्र नाते सांगायचे नाही असा नियम आहे. तिथे तो 'तपासणी' आणि ती 'टॉवर'. सकाळी घरात डब्यावरून भांडलेली ही दोघे रेडिओवर एकमेकांशी इतक्या अदबीने बोलत की ऐकणाऱ्या मला हसू येई.

"टॉवर, तपासणी. धावपट्टीवर येण्याची परवानगी आहे का?"

"तपासणी, परवानगी आहे."

की लगेच धाकटीचा हात माझ्याकडे. तिने मला ठेवताना तिचा अंगठा क्षणभर माझ्यावर जास्त रेंगाळे. हे फक्त मला माहीत होते.

वर्षे गेली. तोफ बाई निवृत्त झाल्या. जाताना त्यांनी सगळ्यांचा निरोप घेतला आणि मला नुसती टिचकी मारली. विमाने वाढतच गेली. एकाचे चाक टेकते न टेकते तोच दुसऱ्याचे दिवे दिसू लागत. नियंत्रकांचे डोळे लाल होत. एकदा गडबडीत दोन पिवळ्या पट्ट्या उलटसुलट लागल्या आणि वर दोन विमाने नको तितकी जवळ आली. कुणाला काही झाले नाही, पण खोलीतल्या सगळ्यांची पाचावर धारण बसली. त्यानंतर वरिष्ठांनी ठरवले की हे काम आता यंत्राने करायचे. मित्रांनो, मी आडमुठी आहे, पण आंधळी नाही. त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. हात चुकतो. थकलेला हात जास्त चुकतो.

मग यंत्रवाला आला. तरुण, शांत, दारातून आत येताना चपला कुठे काढायच्या असे विचारणारा. त्याने फळ्या काढल्या आणि त्यांच्या जागी काचेचे मोठे पडदे बसवले. पट्ट्या आता पडद्यावर उजेडाच्या झाल्या. कोणाचे विमान आधी, कोणाचे नंतर, किती अंतर ठेवायचे, ही सगळी रांग यंत्र स्वतः लावू लागले. विमानात निरोपही तेच पाठवी. धावपट्टी मोकळी असली की पडद्यावरचा खालचा चौकोन हिरवा होई, नियंत्रकाने त्यावर बोट टेकवायचे, की उतरायची परवानगी थेट वैमानिकापुढे उमटे. धावपट्टीवर जाणाऱ्या प्रत्येक गाडीला त्याने ती कुठे आहे हे यंत्राला कळवणारी एक डबी लावली. डबी आत आली की चौकोन लाल, बाहेर गेली की हिरवा.

आणि खरे बोलायचे तर यंत्र हुशार निघाले. आकाशात तासन्‌तास घिरट्या घालणारी विमाने सरळ उतरू लागली. धाकटीसुद्धा म्हणाली, "रांग लावायला माझ्यापेक्षा चांगलं आहे हे. घरी गेल्यावर डोकं दुखत नाही." पिवळ्या आणि निळ्या पट्ट्या एका खोक्यात गेल्या. तोरा तिथेच राहिला असेल त्यांचा. मला वाईट वाटले, पण मी त्यांच्यासाठी भांडले नाही. त्यांचे काम दुसऱ्या कुणीतरी नीट उचलले होते.

माझे काम मात्र कुणी उचलले आहे असे मला दिसेना. धाकटीलाही दिसेना. दादा धावपट्टीवर गेला की ती सवयीने मला घेई आणि पडद्यावरच ठेवी, बरोबर त्या खालच्या चौकोनावर. काचेला माझा स्पर्श कळत नाही, तिला माणसाचे बोटच लागते. पण मी असले की बोट चौकोनापर्यंत जात नाही.

यंत्रवाला हळूच म्हणे, "ताई, काचेवर चरे पडतील."

"पडू देत."

"पण डबी सांगतेच आहे ना, गाडी आत आहे म्हणून?"

"गाडीचं ती सांगते. दादाचं ही सांगते."

तो हसून आपल्या कामाला लागे. पण मनोऱ्याच्या मुख्य साहेबांना हे खपत नव्हते. साहेब वाईट माणूस नव्हे. पट्ट्या उलटसुलट झाल्या त्या दिवशी तेच खोलीत होते आणि त्यानंतर कितीतरी दिवस त्यांना झोप लागली नव्हती असे म्हणत. त्यांना आता खोलीत हाताने करायचे काहीच नको होते. त्यांनी भिंतीवर पाटी लावली, 'पडद्यावर कोणतीही वस्तू ठेवू नये.' आणि माझ्यासाठी तळमजल्यावर ते कपाट बनवून घेतले. खाली ठसठशीत अक्षरांत लिहिले, 'पूर्वी वापरात असलेली धोक्याची पट्टी'. पूर्वी! मी वर काम करत होते आणि खाली माझ्या नावापुढे पूर्वी लिहून तयार होते.

नव्या पद्धतीचे उद्घाटन ठरले. दुपारी पाहुणे येणार, साहेब मला सगळ्यांसमोर उचलून खाली नेणार, कपाटाला कुलूप लागणार. त्या दिवशी सकाळपासून खोली चकचकीत पुसलेली होती. धाकटी जागेवर बसली होती आणि मी तिच्या कोपरापाशी.

पाहुणे यायच्या थोडे आधी उडून गेलेल्या एका विमानाने कळवले की टायरचे तुकडे मागे पडले असावेत. दादाने परवानगी मागितली, धाकटीने दिली, आणि मला चौकोनावर ठेवले. दादा आणि जीपचा ड्रायव्हर आत गेले. धावपट्टी मध्ये किंचित उंच आहे, त्यामुळे पलीकडचे टोक मनोऱ्यातून नीट दिसत नाही, आणि भर उन्हात तर तिथली हवा उकळल्यासारखी हलते. जीप त्या उंचवट्यापलीकडे गेली आणि दिसेनाशी झाली.

तेवढ्यात पाहुणे वर आले. कोट, अत्तराचा वास, एक फोटोवाला. यंत्रवाला त्यांना पडदे समजावून सांगू लागला. वरून एक विमान उतरणीला लागले होते आणि यंत्राने त्याची जागा अगदी चोख धरली होती. तुकडे वेचून होतील, धावपट्टी मोकळी होईल, विमान उतरेल, सगळे मिनिटाला मिनिट जुळवून.

आणि पडद्यावर, माझ्या कडेने, हिरवा उजेड दिसू लागला. डबी बाहेर गेली होती.

"बघा!" साहेब पाहुण्यांना म्हणाले. "कुणी काही सांगितलं नाही. यंत्राला आपोआप कळलं." मग ते धाकटीकडे वळून हसले. "चला, आता आजीबाईंना निरोप देऊ या. शेवटचं काम झालं त्यांचं." त्यांनी हात पुढे केला आणि माझे एक टोक धरले. फोटोवाल्याने कॅमेरा वर केला.

धाकटीने माझे दुसरे टोक धरले. जिथे तिचे दात आहेत, तिथेच.

"साहेब, हात काढा."

"अगं, हिरवं झालंय."

"आवाज आलेला नाही."

"विमान समोर आहे. परवानगी दे, नाहीतर त्याला परत फेरी मारायला लागेल. पाहुणे बघतायत."

त्यांनी मला ओढले. वाईट हेतूने नव्हे. माणूस ओशाळला की असाच ओढतो. पण मित्रांनो, मी आजवर कुणाच्या ओढण्याने उठलेली नाही. धाकटीने सोडले नाही आणि मीही तिच्या मुठीत घट्ट राहिले. माझा कोपरा उडाला तो तेव्हा. टक्क असा आवाज झाला आणि साहेबांच्या हातात एवढासा लाल तुकडा राहिला.

धाकटीने दुसऱ्या हाताने रेडिओचे बटण दाबले. "तपासणी, टॉवर. बाहेर आहात का?"

"टॉवर, जीप बाहेर आहे." आवाज ड्रायव्हरचा होता.

तिने एक क्षणही वाया घालवला नाही. लगेच वैमानिकाला सांगितले, "उतरू नका. वर जा. धावपट्टीवर माणूस आहे." एवढे बोलून झाल्यावर तिचा आवाज बदलला. इतकी वर्षे ती रेडिओवर बोलत होती, पण असा आवाज मी ऐकला नव्हता. "माझा दादा कुठंय?"

पलीकडे खरखर झाली. मग ड्रायव्हर म्हणाला, "ते... आतच आहेत की. मोठा तुकडा मी जीपमध्ये घातला आणि झाडू मारणाऱ्या गाडीला वाट दाखवायला बाजूच्या रस्त्यावर आलो. ते बारीक तुकडे वेचतायत. रेडिओ त्यांचा सीटवरच राहिलाय."

विमानाचा आवाज वाढत गेला आणि ते उंचवट्यावरून पोट दाखवत वर चढले. काचा थरथरल्या. यंत्रवाल्याने दुर्बीण उचलली होती, त्याने ती धाकटीच्या हातात दिली, पण तिला ती डोळ्यांना लावता येईना. तिचा एक हात अजून माझ्यावर होता. मग त्यानेच पाहिले आणि म्हणाला, "उठले. ते उभे राहिले. हात हलवतायत."

तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला. माझाही पडला. मी प्लॅस्टिकची आहे म्हणून मला जीव नाही असे ज्याला वाटते त्याने त्या वेळी खोलीत असायला हवे होते.

ड्रायव्हर जीप घेऊन त्याच्याकडे धावला. थोड्या वेळाने रेडिओवर दादाचा आवाज आला, धापा टाकत, "टॉवर, तपासणी. मी बाहेर." धाकटीने मला उचलले, मांडीवर ठेवले आणि डोळे पुसले. मग वर थांबलेल्या विमानाला नीट उतरवले. पाहुणे कधी खाली गेले ते तिला कळलेही नाही.

संध्याकाळी दादा वर आला. गुडघे खरचटलेले, मुठीत रबराचा तुकडा अजून तसाच.

"रेडिओवर दादा म्हणालीस म्हणे. नियम मोडलास."

"मोडला. सांग जाऊन साहेबांना."

"रेडिओ मी विसरलो. माझंच चुकलं."

"तुझं तर चुकलंच. घरी चल, वहिनीला सांगते."

"तिला नको सांगूस गं," तो घाईघाईने म्हणाला, आणि दोघे पहिल्यांदा हसले.

यंत्रवाला कोपऱ्यात बसून होता. तो उठून धाकटीजवळ आला. "ताई, मी गाड्या मोजल्या. माणसं मोजलीच नाहीत." दोन दिवस तो घरी गेला नाही. त्याने माणसांच्या कमरपट्ट्यालाही लावता येतील अशा लहान डब्या तयार केल्या. छान झाल्या. दादा आता आपली डबी लावल्याशिवाय जीपमधून खाली पाय ठेवत नाही.

तुम्हाला वाटेल, इथे गोष्ट संपली. मलाही तसेच वाटले होते. पण साहेबांचे मत आता आणखीनच पक्के झाले होते. त्यांचे म्हणणे, चूक यंत्रातली होती, ती दुरुस्त झाली. आता माणसाला डबी आहे. मग पडद्यावर ही मोडकी पट्टी कशाला? त्यांनी हुकूम काढला. मला काढून घेतले आणि कपाटात ठेवले. एक रात्र मी त्या छोट्या दिव्याखाली काढली. माझ्यावर धूळ बसू नये म्हणून सगळी सोय होती. इतके वाईट मला खोक्यातही वाटले नसते.

सकाळी धाकटीने कामावर येताना पहारेकऱ्याकडून किल्ली मागितली. पहारेकरी म्हणाला, "ताई, मला विचारलं तर मी काय सांगू?" ती म्हणाली, "मी नेली म्हणून सांगा." मला पिशवीत न घालता, हातात उघडी धरून ती जिना चढली. दादा धावपट्टीवर गेला तसे तिने मला चौकोनावर ठेवले. पाटीच्या बरोबर खाली.

साहेब आले. त्यांना खालून कळलेच होते. खोलीतले बाकीचे नियंत्रक मान खाली घालून आपापल्या पडद्यात बघू लागले, पण कान सगळ्यांचे इकडेच.

"हुकूम वाचलास ना?"

"वाचला."

"मग?"

धाकटीने दोन्ही हात मांडीवर ठेवले. "उचला, साहेब. मी अडवत नाही. पडदा बघा, आत्ता लाल आहे. थोड्या वेळानं आपोआप हिरवा होईल. आणि तो बरोबरच असेल, बहुतेक वेळा असेल. पण तो होतो तेव्हा कुणाचा हात लागत नाही. ही आपोआप उठत नाही. ज्यानं उचलली, त्यानं बघितलं, त्यानं ऐकलं, त्याची जबाबदारी. दादा आत आहे. उचला."

साहेबांनी हात पुढे केला. तो हात माझ्यावर आला, इतका जवळ की त्याची ऊब मला लागली. पडदा लाल होता, मग हिरवा झाला. साहेब तसेच उभे. त्यांची बोटे माझ्या उडालेल्या कोपऱ्यावर टेकली आणि मी स्वस्थ राहिले. मला उचलायला मी कधीच कुणाला मदत केलेली नाही. मला उचलायचे असेल तर माणसाने स्वतः उचलावे.

साहेबांनी हात मागे घेतला.

"आवाज येऊ दे त्याचा," ते म्हणाले आणि शेजारच्या खुर्चीवर बसले. दादाचा आवाज येईपर्यंत ते तिथेच बसून होते. तो आल्यावर धाकटीने मला उचलले. साहेब उठले, भिंतीजवळ गेले आणि पाटी काढून काखेत धरून जिना उतरले. दुसऱ्या दिवशी त्यांनी शिपायाबरोबर एक पुडी वर पाठवली. तिच्यात माझा उडालेला कोपरा होता. तो चिकटवायला धाकटीने नकार दिला आणि मला ते आवडले.

ते कपाट अजून आहे. आत दिवा लागतो, खाली 'पूर्वी वापरात असलेली धोक्याची पट्टी' असे लिहिलेले आहे, आणि मखमलीवर काही नाही. बघायला येणारी मुले काचेला नाक लावून विचारतात, "पट्टी कुठंय?" पहारेकरी वर बोट दाखवतो. "कामावर गेलीय."

तर मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी वस्तू हात जोडून म्हणते, आम्हाला जपा, आम्हाला विसरू नका. मी हात जोडणार नाही. मला जपू नका. मला पुसून, चमकवून कुठेही ठेवू नका. नवी यंत्रे आणा, जरूर आणा, ती माझ्यापेक्षा हुशार आहेत आणि मला त्याचे काही वाटत नाही. फक्त आत माणूस असेल तेव्हा ते सगळे थांबवायला एक हात ठेवा, आणि त्या हाताला आडवे ठेवायला काहीतरी द्या. मी मोडले तर दुसरी करा. माप लांब सांगा. कारागीर म्हणेल, चुकलंय. म्हणू द्या.

आत्ताही दादा आत गेला आहे. मी काचेवर पडले आहे, डबीच्या मते तो बाहेर आला आहे म्हणून माझ्या कडेने हिरवा उजेड दिसतो आहे, आणि वर एक भरलेले विमान वाट बघते आहे. त्यातली माणसे कंटाळली असतील, घड्याळे बघत असतील, मनोऱ्यात कोण झोपले आहे असे म्हणत असतील. म्हणू देत. दादाचा आवाज अजून आलेला नाही. तोवर मी इथून हलत नाही.